बुचाचा वास

सत्यजीत इटलीहून परत आला तेव्हा त्याच्या बॅगेत दोन बाटल्या होत्या, आणि डोक्यात त्याहून बरंच काही होतं. बाटल्या त्यानं स्वेटरमध्ये गुंडाळून आणल्या होत्या. डोक्यातलं मात्र त्यानं कुणापासूनच गुंडाळून ठेवलं नाही.

शिक्रापूरच्या एका इटालियन कंपनीत तो इंजिनिअर होता, राहायला आपल्या गावी, वरवंडला. नव्या मशीनच्या ट्रेनिंगसाठी कंपनीनं त्याला आठ महिने तिकडं पाठवलं, आणि ते गाव निघालं नेमकं द्राक्षांच्या टेकड्यांमधलं. पिएरा नावाच्या ब्याऐंशी वर्षांच्या बाईंच्या घरात, वरच्या मजल्यावर, त्याला खोली मिळाली. पिएराबाईंचे मालक रेन्झो अकरा वर्षांपूर्वी गेले होते. हयातीत ते वाईन करायचे. बारोलो तिचं नाव. नेब्बिओलो जातीच्या द्राक्षांची, आधी लाकडी पिंपात आणि मग बाटलीत वर्षानुवर्षं मुरवलेली तांबडी वाईन. घराच्या तळघरात त्यांच्या हातच्या बाटल्या अजून आडव्या निजलेल्या होत्या. दर रविवारी चर्चमधून आल्यावर पिएराबाई त्यातली एक वर आणायच्या, सत्यजीतच्या पुढ्यात ग्लास ठेवायच्या आणि विचारायच्या, "काय येतंय?"

सत्यजीत पुस्तकात वाचलेलं सांगायचा. डांबर. वाळलेले गुलाब. जुनं चामडं. पाऊस पडून गेल्यावरची रानातली पानं. म्हातारी त्याच्या कपाळावर बोट टेकवायची आणि मान हलवायची, मग तेच बोट नाकावर टेकवायची. डोक्यानं नको, नाकानं सांग. सत्यजीतला ते कळायचं, पण नाकावर त्याचा फारसा भरवसा नव्हता. नाक वरवंडचं. पुस्तक इंग्लंडमधलं.

घरी आल्यावर पहिल्याच आठवड्यात त्याच्या बायकोच्या, नीलमच्या, लक्षात आलं की नवरा चहा सरळ पीत नाही. ग्लास उजेडाकडं धरतो, मनगटानं गोल फिरवतो, नाक आत खुपसतो आणि मग एक घोट घेऊन भिंतीकडं बघत बसतो.

"अहो, साखर कमी झालीय का?" तिनं विचारलं.

"नाही. शेवट जरा आखूड आहे."

नीलम शाळेत गणित शिकवायची. आखूड शेवटाचा चहा तिनं ऐकला नव्हता. पुढं शेंगदाण्याच्या आमटीला "मधे पोकळी" निघाली, आणि सासूबाईंच्या ठेच्याला "मोकळं व्हायला थोडा वेळ द्यायला हवा" असं ठरलं, तेव्हा ती वर्गात पोरांना शांत करतात त्या आवाजात म्हणाली, "ठेचा मोकळा होईस्तोवर भाकरी गार होतीय. जेवा."

वडिलांशी झालेलं बोलणं याहून थोडक्यात आटोपलं. पोपटराव वरवंडच्या दारूबंदी समितीचे अध्यक्ष होते. दोन बाटल्या घरात आल्या, ही खबर त्यांना संध्याकाळच्या आत लागली.

"आप्पा, ही दारू नाही. वाईन आहे."

"आंबवलीय का?"

"हो, पण..."

"चढती का?"

"थोडी. पण त्यासाठी कुणी पीत नाही हो. वासासाठी असते, चवीसाठी असते. एक बाटली अठ्ठ्याण्णव सालची आहे. इतकी वर्षं मुरलीय ती."

"म्हंजी जुनी दारू," पोपटराव म्हणाले आणि टोपी नीट केली. "घरात ठिव. पर वरवंडच्या शिवंत फोडायची न्हाई."

घरात ठेवायची म्हणजे फ्रिजमध्ये, कारण मार्च लागला होता आणि दुपारचं माळवद तापून घर भट्टी व्हायचं. सत्यजीत बाटल्या आडव्या ठेवायचा, म्हणजे बूच ओलं राहतं. त्याची आई, पुतळाबाई, रोज सकाळी दूध ठेवताना त्या उभ्या करायची, म्हणजे गळत नाहीत. तो संध्याकाळी आडव्या करायचा. दोघं एकमेकांना काही बोलले नाहीत, पण हा खेळ बारा दिवस चालला. शेवटी पुतळाबाईच म्हणाली, "सोपानकडं इनामगावला ठिव की. पेवात गारवा असतुया."

सोपानराव तिचा धाकटा भाऊ. घोड नदीकाठी त्याचं घर, आणि घरामागं जमिनीत खणलेलं धान्याचं जुनं पेव. आता त्यात ज्वारी कुणी भरत नव्हतं, पण मामानं ते बुजवलंही नव्हतं. तोंडावरची फरशी सरकवून दोराच्या शिडीनं खाली उतरलं की ऐन उन्हातही अंगावर काटा यायचा. सत्यजीत उतरला, हात लावून गारवा बघितला, आणि त्याला पिएराबाईंचं तळघर आठवून भरूनच आलं. त्यानं बाटल्या वाळूवर आडव्या निजवल्या.

"मामा, ह्यांना हलवायचं नाही. उजेड लागू द्यायचा नाही."

"बाळंतीण हाय का रं ती?" मामानं विचारलं.

महिन्याभरानं कंपनीत फाब्रिझिओ आला. इटलीच्या कारखान्यातला मोठा इंजिनिअर, तीन आठवड्यांसाठी. शिक्रापूरच्या हॉटेलात राहून, हायवेवरच्या ट्रकांचे हॉर्न ऐकून आणि पनीर खाऊन तो गृहस्थ इतका कंटाळला होता, की सत्यजीतनं रविवारी मामाकडं जेवायला बोलावताच तो जागचा उठला. सत्यजीतनं मात्र त्या आमंत्रणाचा वेगळाच अर्थ लावला होता. आठ महिन्यांत आपण काय कमावलं हे कळणारा एक माणूस अखेर मिळाला होता.

त्यानं शनिवारी मामाला फोन करून, निघताना पिएराबाईंनी दिलेली रेन्झोंची अठ्ठ्याण्णवची बाटली पेवातल्या पेवात उभी करायला लावली, म्हणजे गाळ तळाशी बसेल. नीलमकडून काचेचा जग मागून घेतला. आणि वहीत सुवाच्य अक्षरात चवीची नोंद लिहून ठेवली. रविवारी सकाळी गाडीत नीलमनं ती वही उघडली.

"बारोलो, अठ्ठ्याण्णव. डांबर, वाळलेले गुलाब, जुनं चामडं, ओली पानं, शेवट लांब आणि उदात्त," तिनं मोठ्यानं वाचलं. "अहो, बाटली कधी फोडली?"

"फोडायचीय अजून."

"मग हे?"

"तयारी आहे ती."

"माझ्या वर्गात याला कॉपी म्हणतात," नीलम म्हणाली. मागच्या सीटवर पुतळाबाई मटणाचा डबा मांडीवर धरून बसली होती. भावाकडं जायला मिळतंय एवढंच तिनं मनावर घेतलं होतं, बाकी बाटलीचं तिला काही सोयरसुतक नव्हतं.

पारगावचा पूल ओलांडून, न्हावऱ्यावरून ते इनामगावला पोचले तेव्हा फाब्रिझिओ आधीच येऊन बसला होता आणि मामा त्याला पेव दाखवत होता.

"धिस," मामा खड्ड्याकडं बोट करून म्हणाला, "तीन हजार वर्स. आमच्या गावात तवापास्नं खड्ड्यातच ठिवत्यात. खोटं वाटत आसंल तर पुराणवस्तूवाल्या सायबांनी खणून बघितलंय, इचारा." फाब्रिझिओला त्यातलं एक अक्षर कळलं नसावं, पण तो खड्ड्यात वाकून मनापासून "बेल्लो, बेल्लो" म्हणत होता.

जेवणाआधी सत्यजीतनं चिंचेखाली टेबल मांडलं. पांढरं फडकं अंथरलं. बाटली दोन्ही हातांनी धरून वर आणली, लेबल फाब्रिझिओकडं केलं आणि इंग्रजीत रेन्झोंची, पिएराबाईंची, त्या टेकड्यांवरच्या धुक्याची सगळी हकीकत सांगितली. जुनं बूच मऊ झालेलं असतं, म्हणून ते इंचाइंचानं उपसलं. मग वाईन काचेच्या जगात ओतली, इतकी सावकाश की मामानं मधे दोनदा उठून गाईला पाणी दाखवलं. रंग तर खरोखर देखणा होता. मधे डाळिंबी आणि कडेला जुन्या विटेसारखा.

सत्यजीतनं ग्लास फिरवला, नाक आत घातलं, आणि क्षणभर थांबला.

मग म्हणाला, "अं. ओली पानं. जुनं चामडं. थोडं तळघर. मुरलेल्या वाईनला असं असतंच." आणि फाब्रिझिओकडं बघितलं.

फाब्रिझिओनं एक घोट घेतला, मान हलवली आणि जरा ओशाळून म्हणाला, "खरं सांगू का? मला यातलं काही कळत नाही. आमचं घर दक्षिणेला, समुद्राकाठी. मी बिअर पितो."

नीलमनं पदर तोंडाशी नेला. सत्यजीतचा चेहरा बघून तिला हसवेनाही आणि राहवेनाही.

मामानं आपला ग्लास औषधासारखा एका दमात रिकामा केला. "तुरट हाय," तो म्हणाला. "जेवनाआधी घ्यायची का जेवनानंतर?"

तेवढ्यात पुतळाबाई कांद्याची ताटली ठेवायला टेबलापाशी आली आणि तिथंच थबकली. तिनं इकडंतिकडं बघितलं. "गोणपाट कुटं भिजलंय रं सोपान?"

"कुटं न्हाई."

"वास येतुया." ती वाकली, कोरड्या फडक्याचा वास घेतला, मग जगाचा. "हिच्यातच हाय. भिजलेलं पोतं बांधून ठिवल्यावर येतो तसा. बुरसा."

"आई, तो मुरल्याचा वास आहे," सत्यजीत म्हणाला. "जुन्या वाईनला असा..."

"मुरल्याचा वास मला नगं सांगू. चाळीस वर्सं लोणची मुरवती मी. मुरलं की वास आत ओढतो. ह्यो मागं ढकलतोय."

सत्यजीत नको ते बोलला. "मग पेवातला लागला असेल. पेव दमट आहे."

मामा उभाच राहिला. "माज्या पेवाला नाव ठिवतोस? आरं, त्यात ठिवलेल्या ज्वारीला कवा किडा न्हाई लागला!"

"मामा, तसं नाही..."

"मग कसं?"

फाब्रिझिओ दोघांकडं आळीपाळीनं बघत होता. त्याला वाटलं, शेतीच्या हद्दीचं काही निघालंय. नीलमनं त्याला इंग्रजीत सगळं समजावलं, तेव्हा त्याचे डोळे चमकले. "मला कळत नाही," तो म्हणाला, "पण ज्यांनी दिली त्यांना कळेल ना?"

इनामगावात दुपारचे एक वाजले होते. तिकडं सकाळचे साडेनऊ. पिएराबाई फोनवर दिसल्या त्या चर्चमधून नुकत्याच आलेल्या, डोक्याला रुमाल अजून तसाच. सत्यजीतचं तोडकं इटालियन त्या घाईत आणखीच तुटलं, म्हणून फोन फाब्रिझिओनं हातात घेतला. दोघांचं बराच वेळ चाललं. म्हातारीचे हात फोनच्या चौकटीबाहेर जाऊन परत येत होते.

"त्या विचारतायत," फाब्रिझिओ म्हणाला, "वास कशासारखा? ओल्या कुत्र्यासारखा, का ओल्या पुठ्ठ्यासारखा?"

नीलमनं सासूला विचारलं. पुतळाबाई टेबलापाशी गेली, फडक्यावर पडलेलं बूच उचललं, नाकाशी धरलं आणि फोनकडं वळून ते दाखवलं.

"ह्याचा हाय," ती म्हणाली. "पेवाचा न्हाई आन् तुमच्या द्राक्षाचाबी न्हाई. झाकान खराब निघालं. बरणी कितीबी चांगली आसू द्या, झाकान घाण आसलं की लोनचं गेलं."

नीलमनं ते इंग्रजीत केलं आणि फाब्रिझिओनं इटालियनमध्ये सांगितलं. पिएराबाईंनी डोक्याचा रुमाल सोडला. त्या बाईनं नवऱ्याच्या हातची बाटली देताना दोन्ही हातांनी दिली होती. आणि आता सत्यजीतच्या घरच्यांनी तिला तिच्या बाटलीला पोत्याचा वास येतो म्हणून कळवलं होतं. खरं म्हणजे ग्लासात नाक घालताक्षणी त्यालाही तेच वाटलं होतं. लहानपणी पावसात भिजलेल्या पोत्यांवर तो खेळला होता; तो वास त्याला कसा चुकेल? पण रेन्झोंच्या बाटलीत पोतं असणं शक्य नाही, असं त्यानं ठरवून टाकलं होतं, आणि वहीत तर गुलाब लिहून तयारच होते.

मग फोनमधून हसू फुटलं. म्हातारी रुमाल डोळ्यांना लावून हसत होती आणि हसता हसता काहीतरी भराभरा सांगत होती.

"त्या म्हणतात," फाब्रिझिओही हसत होता, "रेन्झोंचा एक मित्र होता, तो बुचं विकायचा. त्या वर्षी रेन्झोंनी सगळी बुचं त्याच्याकडून घेतली. पिएराबाईंनी बजावलं होतं, हा माणूस गोड बोलतो, बुचं घेऊ नको. रेन्झोंनी ऐकलं नाही. त्या सालच्या कितीतरी बाटल्या अशा निघाल्या, आणि मरेपर्यंत ते म्हणत राहिले की हा मुरल्याचा वास आहे."

हे मराठीत आल्यावर पुतळाबाई खाटेवर बसली आणि तीही हसायला लागली. "पुरुस मानसं," ती फोनला म्हणाली, "झाकनाचं ऐकत न्हाईत." याचं भाषांतर करायच्या आतच पलीकडं म्हातारीनं मान डोलावली.

मग पिएराबाईंनी सत्यजीतला समोर बोलावलं. त्यानं कबूल केलं. आधी इटालियनमध्ये, ते जमलं नाही म्हणून इंग्रजीत, आणि शेवटी फाब्रिझिओला सांगून. वास मलाही आला होता. मी बोललो नाही.

म्हातारीनं स्क्रीनवर बोट टेकवलं. कपाळाच्या जागी.

दुसरी बाटली त्यानं स्वतः विकत घेतलेली होती, दोन हजार चारची. तीही त्याच पेवातली, त्यामुळं मामा ती उघडली जाईपर्यंत हात बांधून उभा राहिला. बूच निघाल्यावर सत्यजीतनं ते आधी आईकडं दिलं. पुतळाबाईनं हुंगलं. "ह्याला काय झालं न्हाई," ती म्हणाली, आणि मामानं चारी दिशांना बघून घेतलं.

सत्यजीतनं ग्लास हातात घेतला. वही गाडीत राहिली होती आणि नीलम ती आणून देण्याची काही चिन्हं दाखवत नव्हती. त्यानं वास घेतला. पुन्हा घेतला. सगळे त्याच्याकडं बघतायत म्हटल्यावर त्याचे कान तापले.

"बैलगाडीच्या आखाला वंगण घालतात ना," तो हळूच म्हणाला, "तसं काहीतरी. आणि देव्हाऱ्यात कालची फुलं राहिली की सकाळी जो वास येतो, तो. गुलाबाचा, पण सुकत आलेल्या." त्यानं घोट घेतला. "आमसूल आहे. आणि मागून हिरडा चघळल्यासारखं."

"वंगान पितोस व्हय रं?" मामा म्हणाला. पण त्यानं आपला ग्लास पुढं केला, आणि या वेळी तो नाकाशी नेला. "वंगान हाय की," तो म्हणाला. "आमच्या वडलांच्या, आबांच्या गाडीचं."

जेवणात पुतळाबाईनं पाहुण्यासाठी आळणी मटण केलं होतं, नुसतं मीठ-हळदीतलं, वर चरबीचा तवंग. त्या तवंगाबरोबर वाईनचा तुरटपणा कुठल्या कुठं गेला. हे पहिल्यांदा मामाच्या लक्षात आलं आणि त्यानं घास, घोट, घास, घोट असं लावून धरलं. फाब्रिझिओनं तीन भाकरी खाल्ल्या आणि आपण आयुष्यभर बिअर का पीत आलो याचा विचार करत बसला. नीलमनं एक घोट घेतला, ग्लास उजेडाकडं धरला, भिंत नसल्यामुळं चिंचेच्या खोडाकडं बघितलं आणि गंभीरपणे म्हणाली, "शेवट लांब आहे." सत्यजीतला आधी राग आला आणि मग खरोखरच लांब आहे म्हणून आनंद झाला.

जगातली रेन्झोंची वाईन मामानं फेकू दिली नाही. "मला कुटं वास येतुया," तो म्हणाला, "तीस वर्सं तंबाखू मळतोय." जेवणानंतर चिंचेखाली बसून त्यानं ती मान देऊन संपवली. सत्यजीतनंही एक ग्लास घेतला त्याच्याबरोबर. वास पोत्याचाच होता. त्यानं तो पुरेपूर घेतला.

तेव्हापासून एक रविवार आड पिएराबाईंचा फोन येतो. पहिल्यांदा सत्यजीत मोठ्या हौसेनं ग्लास, बाटल्या, सालं असं काय काय बोलायला बसला, तर म्हातारीनं त्याला मधेच तोडून विचारलं, "तुझी आई कुठंय?" आता तो फोन फक्त धरतो आणि मधे बसून इकडचं तिकडं सांगतो. पुतळाबाई ओट्यावरून बोलते, लसूण सोलत. पिएराबाई त्यांच्या स्वयंपाकघरातून बोलतात, त्याही काहीतरी सोलत. त्यांच्या टेकडीवर चेरीला बहर येऊन गेल्याचं परवा कळलं.

"तिला इचार," पुतळाबाई म्हणाली, "त्या चेरीचं लोनचं घालत्यात का. आन् मोहरी फेसून घालत्यात का नुसती भरडून?"

सत्यजीतनं फोन जरा बाजूला केला. "आई, मोहरी फेसणं मला इटालियनमध्ये येत नाही."

"मग आठ म्हैनं तिथं काय शिकलास?" पुतळाबाईनं विचारलं, आणि त्याच्या हातातला फोन स्वतःकडं ओढून घेऊन मोहरीची वाटी कॅमेऱ्यासमोर धरली.